कंदी पेढ्यांचा डग्गा

दुपारी अडीचच्या सुमाराला, वरणभाताची गुंगी नुकती डोळ्यांवर उतरू लागलेली असताना, सातारा-सांगली पट्ट्यातल्या ज्या ज्या घरात दीड-दोन वर्षांचं मूल आहे त्या त्या घरात एक मैफल सुरू होते. वेशभूषा ऐच्छिक. वाद्यं दोन: एक स्टीलचं ताट, एक चमचा. वाद्य जुळवणं नाही, रसिकांची परवानगी मागणं नाही, विलंबितात वेळ घालवणं नाही. थेट द्रुत लय. पहिल्या आवर्तनाला आजोबा कूस बदलतात. दुसऱ्याला आज्जी आतून म्हणते, "आगं, काढून घे की त्येच्या हातातला चमचा!" तिसऱ्याला आई येते आणि चमचा जप्त होतो. त्यानंतर कलाकार जो आकार लावतो तो शेजारची तीन घरं ओलांडून किराणा दुकानापर्यंत पोचतो. याच घरात संध्याकाळी चहाच्या वेळी गंभीर चर्चा झडते, की पोराला लहानपणापासून संगीताची गोडी लागावी म्हणून काय करावं. "क्लास कुठला चांगलाय?" "तबल्याचा लावावा का पेटीचा?" "कितव्या वर्षी घेतात?" चर्चा रंगते, चहा संपतो. चमचा फ्रिजवर असतो. पोराचा हात पोचू नये म्हणून.

या लेखाचं म्हणणं असं, की दोन वर्षांच्या मुलाला तालाची गोडी लावण्याचा प्रश्नच येत नाही. ती लागलेलीच असते. गोडी लावायची आहे ती मोठ्यांना, चमच्याच्या आवाजाची. हे ऐकून घरोघरचे आजोबा काठी शोधायला लागतील, म्हणून आधी पुरावा. २००९ साली बुडापेस्टमध्ये काही शास्त्रज्ञांनी दोन-तीन दिवसांच्या बाळांच्या डोक्याला तारा लावून त्यांना झोपेत ड्रमचा ठेका ऐकवला आणि मधेच समेचा ठोका गाळला. बाळं ढाराढूर झोपलेली होती, पण मेंदूने नोंद घेतली, की काहीतरी चुकलं बुवा. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी होतं. म्हणजे स्वतःचं नाव कळायच्या आधी मुलाला सम कुठे आहे हे कळतं. मैफलीत पुढच्या रांगेत बसणाऱ्या सगळ्यांबद्दल असं ठामपणे सांगता येणार नाही. प्रस्तुत लेखकाची मान समेवर डोलते ती शेजारच्याची मान बघून, अर्धा सेकंद उशिराने. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, पाच महिने ते दोन वर्षं वयाच्या १२० मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या बोलण्यापेक्षा संगीतावर आणि ठेक्यावर मुलं कितीतरी जास्त अंग हलवतात, आणि हालचाल ठेक्याशी जितकी जुळेल तितकी जास्त हसतात, असं त्यात दिसलं. ठेका नेमका पकडणं त्यांना जमत नव्हतंच. जमत नसूनही ती हसत होती, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट. मोठ्या माणसाला ठेका सापडला नाही की तो हसत नाही, "एक महत्त्वाचा फोन करायचाय" म्हणून उठतो.

याहून अपमानकारक पुरावा २००५ सालचा आहे. उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन प्रदेशातले सात मात्रांसारखे आडवेतिडवे ताल ऐकवले आणि मधेच ते बिघडवले, तर बाळांना बिघाड कळला. वर्षाच्या मुलांना कळेना, कारण तोवर त्यांचे कान घरात वाजणाऱ्या सरळ ठेक्यांना सरावलेले होते. पण या वर्षाच्या मुलांना ते संगीत घरी दोन आठवडे ऐकवल्यावर त्यांचे कान पुन्हा उघडले. मोठ्यांना तितकंच ऐकवलं, त्यांचे काही उघडले नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर सहा महिन्यांच्या बाळापुढे रूपक आणि तीनताल सारखेच. झपताल म्हणजे काय हे विचारायला उठून जायचं ते आपण. तेव्हा 'मुलाला ताल शिकवू या' असं जेव्हा एखादा बाप म्हणतो, तेव्हा तो साधारणपणे माशाला पोहायला शिकवण्यासाठी काठावर कमरेला टायर बांधून उभा असतो.

आता या पट्ट्यातल्या माणसाला संगीताचं वावडं आहे असं म्हणाल तर सांगलीची वेस ओलांडू देणार नाहीत. पाहुणा आला, की भडंगाच्या बशीबरोबर यादी पुढे येते. मिरजेची सतार आणि तंबोरा: एकोणिसाव्या शतकात हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तारवाद्यं करायला सुरुवात केली, आणि २०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, तिथल्याच दर्ग्यात विसावले. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. सातारकर मागे राहतात होय? शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे, आणि औंधचा संगीतोत्सव आहेच. एवढंच कशाला, ज्या एका बालगीतावर महाराष्ट्रातली किमान तीन पिढ्यांची पोरं गॅदरिंगला मोरपिसं खोचून नाचली, त्या 'नाच रे मोरा'चे कवी गदिमा आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे आणि गायिका आशा भोसले जन्माने सांगलीच्या. १९५३ च्या 'देवबाप्पा' चित्रपटातलं ते गाणं, संगीत पु. ल. देशपांड्यांचं. तेवढे एक पु. ल. इकडचे नव्हते, पण यजमान दुसऱ्यांदा भडंग वाढेपर्यंत त्यांचाही कुणीतरी मामा सांगलीत निघण्याची शक्यता असते. यादी सांगून झाली, अभिमानाने ऊर भरून आला, की आतल्या खोलीतून टण्ण असा आवाज येतो. यजमान ताडकन म्हणतात, "ए, काय वाजिवतंय रं ते? गप की जरा, पाव्हणं आल्यात!" हत्यारं सोडून माणसं तंबोरे करायला लागली त्या मिरजेपासून दहा किलोमीटरवर पोराच्या हातातला चमचा हत्यार समजून काढून घेतला जातो.

याच सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगवलं, म्हणून तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. त्या नाटकांची रीत आठवून पाहावी. पदं सगळी सूत्रधार म्हणायचा, पात्रं आपापली भाषणं ऐन वेळी सुचतील तशी करायची, आणि राक्षस 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकत, तलवारी परजत, धिंगाणा घालत यायचे. आता संध्याकाळी सहा वाजताचं कुठलंही स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. आई कणीक मळता मळता पदं म्हणतेय, म्हणजेच सूत्रधार. दोन वर्षांचं पात्र सुचेल तसं भाषण करतंय, अर्थ त्यालाही ठाऊक नाही. मधेच ते लाटणं परजत टेबलाखालून आरोळी ठोकून बाहेर येतं. भाव्यांना याच कामासाठी सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय होता. त्या पोराला आश्रय टेबलाखालीच. मराठी नाटकाचा उगम कसा झाला यावर विद्वानांनी पुष्कळ खल केला आहे. त्यांपैकी कुणाच्या घरात दोन वर्षांचं मूल असतं तर इतके ग्रंथ लागले नसते. अर्थात ते असतं तर ग्रंथ लिहूनही झाले नसते.

मोठ्यांचा सगळ्यात जुना आक्षेप असा, की हा गोंगाट आहे, संगीत नव्हे. आक्षेप रास्त वाटतो, पण जरा कान देऊन ऐकलं तर टिकत नाही. मूल ताटावर सरसकट बडवत नसतं. चार-पाच ठोके मारतं, थांबतं, तुमच्याकडे बघतं आणि पुन्हा मारतं. ते थांबणं ही खाली, आणि ते बघणं ही दाद मागणं. भल्याभल्या तबलजींनी आयुष्यभर केलं ते यापेक्षा फार वेगळं नाही. त्यांच्या अंगावर झब्बा असतो इतकंच. बरं, दाद मिळाली तर ते तुम्हाला पुन्हा वाजवून दाखवतं, आणि इथून दुसरी कुरकुर सुरू होते: "एकच गाणं किती वेळा?" चाळीस वेळा. चाळिसाव्या वेळेला मूल म्हणतं, "पुन्ना!" आणि आई भिंतीकडे बघते. मात्र हीच आई, म्हणजे हेच आपण, औंधला किंवा मिरजेच्या दर्ग्यातल्या उत्सवाला रात्री सतरंजीवर बसतो तेव्हा बुवा एकच मुखडा तासभर घोळवतात, आणि 'काय खुलवलाय राग!' म्हणून आपण एकमेकांच्या मांड्या थोपटतो. बोल दोन ओळींचे, शब्द कळत नाहीत, बरंचसं गाणं नुसत्या आकारात. वर्णन कुणाचं चाललंय, खाँसाहेबांचं की पाळण्यातल्याचं, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. संगीत नाटकाच्या काळात प्रेक्षक वन्समोअर ओरडायचे आणि नट तेच पद पुन्हा म्हणायचे; रात्रीची नाटकं त्यापायी पहाटेपर्यंत चालत. त्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो. 'पुन्ना' हे वन्समोअरचं बोबडं रूप आहे, आणि मूल तिकीट काढून आलेलं नाही एवढ्या एका कारणावरून त्याचा हक्क नाकारला जातो.

मग मोबाइल आहे ना, असं कुणीतरी म्हणतंच. मोबाइल आहे. कोरियातल्या एका कंपनीचं शार्कच्या पिल्लाचं गाणं जानेवारी २०२२ मध्ये यूट्यूबवर एक हजार कोटी वेळा बघून झालं. त्यातले निदान निम्मे घास आपल्या आमटीभाताचे असावेत असा संशय आहे. घास तोंडात जातो हे खरं, पण मूल काय करतं ते बघा: हात मांडीवर, पाय गार, तोंड उघडं. ज्या अंगात ठेका शिरायचा ते अंगच संपावर गेलेलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय, की दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि त्यापुढेही पाच वर्षांपर्यंत दिवसाकाठी तासाभराच्या वर नको. पण आपल्याकडे संघटनेपेक्षा आत्याचा शब्द चालतो, आणि आत्या सांगते, "आमचा तर मोबाइलवरच गाणी शिकला." शिकला म्हणजे काय, तर मोबाइल काढून घेतला की वरच्या षड्जात ओरडायला. गंमत अशी आहे, की पडद्यावरचं गाणं मुलासाठी थांबत नाही. मूल अडखळलं तर ते पुढे जातं, मूल नाचायला लागलं तर त्याची लय वाढत नाही. बेसूर का होईना, आज्जी मात्र थांबते. पोराने टाळी उशिरा वाजवली तर तिची ओळ उशिराने संपते. अशी साथ करणारा पेटीवाला मोठमोठ्या गवयांनाही सहजी मिळत नाही.

इथे हमखास उत्तर येतं: "पण आम्हाला गाता येत नाही." येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, शेजाऱ्यांना तर फारच आधीपासून. पण मुलाला ते ठाऊक नाही, आणि हा आयुष्यातला असा एकमेव श्रोता आहे. पुढे शाळेत गेल्यावर तोच सांगेल, "बाबा, तुम्ही गाऊ नका ना." तोवर तीन-चार वर्षं आहेत, ती वाया घालवू नयेत. शिवाय या कामाला गळा लागतो कुठे? तेल चोळताना मांडीवर दोन थापा जोरात, एक हळू. जिना उतरताना प्रत्येक पायरीला एक शब्द. अंघोळीच्या पाण्यावर फटके, मग एकदम थांबायचं, मूल श्वास रोखून वाट बघतं, मग पुन्हा. कुकरच्या शिट्ट्या बोटावर मोजायच्या. तिसरी झाली की दोघांनी मिळून टाळी. मुलाच्या पायात आज्जीने वाळे घातलेले असतातच. ते नुसते दागिने नव्हेत. चालायला शिकणाऱ्या माणसाला प्रत्येक पावलाची पावती देणारं ते वाद्य आहे. आपण त्याचा उपयोग पोरगं कुठल्या खोलीत गेलंय हे शोधण्यासाठी करतो. जात्यावर दळताना बायका ओव्या म्हणायच्या तेव्हा मांडीवरचं मूल जात्याच्या घरघरीवर डुलत झोपायचं. आता मिक्सर आला. मिक्सरला सम नाही, खाली नाही, थेट झाला आहे. त्याला भिऊन मूल रडतं यात मुलाचा कान चांगला असल्याचाच पुरावा आहे.

वाद्यांवर खर्च करू पाहणाऱ्या पालकांसाठीही काही सांगण्यासारखं आहे, कारण हौशी बाप पहिल्या वाढदिवसाला बॅटरीवर चालणारा पियानो आणतो. तो एक बटण दाबलं की अख्खं गाणं स्वतःच वाजवतो आणि मुलाला करायला काही शिल्लक ठेवत नाही. चौथ्या दिवशी सेल काढून ठेवले जातात, तेही बापच काढतो. त्यापेक्षा साताऱ्याहून कुणी ना कुणी कंदी पेढे आणतंच. पेढे मोठ्यांनी संपवावेत. रिकामा पुठ्ठ्याचा खोका उलटा करून डावीकडे ठेवावा, उजवीकडे स्टीलचा डबा. खोक्यावर थाप मारली तर दबका, डब्यावर मारली तर खणखणीत. डग्गा आणि तबला, दोन्ही दहा मिनिटांत. सांगलीच्या बाजूचे असाल तर छोट्या डब्यात मूठभर हळकुंडं भरून झाकण घट्ट बसवा आणि वर चिकटपट्टी मारा, कारण झाकण उघडलं की हळकुंड तोंडात जाणार हे नक्की. हा खुळखुळा कडक वाजतो. भडंग भरून पाहायला हरकत नाही, पण त्याचा आवाज फार मृदू येतो आणि वाद्य दुपारपर्यंत टिकत नाही. घरातलेच वादक ते खाऊन टाकतात. जत्रेतली मातीची गाडीही घ्यावी, दोरीने ओढली की इवल्याशा ढोलावर काड्या टकटक वाजवणारी. मूल वेगाने चाललं तर ठेका द्रुत, हळू चाललं तर विलंबित. लय म्हणजे काय हे इतक्या स्वच्छ सांगणारी दुसरी वस्तू नाही, आणि ती गाडी घरी पोचेपर्यंत फुटते म्हणून अख्खा धडा वाटेतच उरकावा लागतो. भोपळ्याचंही तसंच. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. गोष्टीतली म्हातारी लेकीकडून भोपळ्यात बसून परत आली होती हे ज्याला माहीत आहे, त्या मुलाला मिरजेच्या भोपळ्यात सूर राहतो हे पटवायला काहीच कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते त्याला आत डोकावण्यापासून आवरायला.

महत्त्वाकांक्षी पालकाचा आक्षेप जरा वेगळा असतो. त्याला ताटवादन मान्य आहे, पण "याचा पुढं उपयोग काय?" बुद्धी वाढते का? याचं मूळ १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना मोझार्टचं संगीत दहा मिनिटं ऐकवलं आणि कागदाच्या घड्या ओळखण्यासारख्या कोड्यांत ते थोडे चमकले. चमक दहा-पंधरा मिनिटांत विझली. एवढ्यावरून १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसे मागितले. प्रयोग कॉलेजकुमारांवर, टॉनिक तान्ह्यांना. आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे हाच पालक क्लासात जाऊन विचारतो, "प्रारंभिकला बसवायला वय किती लागतं? आमचा तीन वर्षांचाय, पण हुशारै, डायरेक्ट प्रवेशिकेला बसंल." विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं दरबारातून उचलून सामान्य घरात आणलं; त्यांच्या शिष्यपरंपरेने उभ्या केलेल्या मंडळाच्या परीक्षा आजही हजारो मुलं देतात. उत्तम व्यवस्था आहे. पण ती ज्याला दूध पिताना बाटली दोन्ही हातांनी धरावी लागते त्याच्यासाठी केलेली नाही. अडीच वर्षांच्या मुलाने तीनतालाचे बोल पाहुण्यांपुढे म्हणून दाखवावेत असा आग्रह धरला, की मूल सोफ्याच्या मागे जातं आणि तिथून संगीताकडे आयुष्यभर संशयाने बघतं.

राहता राहिला आवाजाचा आक्षेप, आणि इथे मात्र आजोबांची थोडी उलटतपासणी करावी लागेल. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही कायद्याने घातलेली मर्यादा आहे. ताट-चमचा ती ओलांडतो, कबूल. पण ज्या गल्लीत दुपारी चमच्याने डोकं उठतं त्याच गल्लीत विसर्जनाच्या रात्री डॉल्बीची भिंत उभी राहते, खिडक्यांची तावदानं थरथरतात, छातीत धडधडतं, आणि चमचा काढून घेणारे तरुण काका त्या भिंतीपुढे हात वर करून नाचत असतात. घरातलं तान्हं कानावर हात ठेवून रडत असतं, कारण त्या क्षणी घरात संगीत कळणारं तेच एक असतं. "वर्षातनं एकदाच तर असतंय," काका सांगतात. चमचेवाल्याला हा बचाव उपलब्ध नाही. तो रोज वाजवतो, आणि नियमित रियाज करणाऱ्याला समाजाने कधीच सहज माफ केलेलं नाही.

खरं तर मुलांना संगीताची गोडी कशी लावावी याची बिनचूक पद्धत आपल्या घरात पूर्वापार आहे, तिचं नाव आरती. सज्जनगडावर राहिलेल्या समर्थांची म्हणून ओळखली जाणारी 'सुखकर्ता दुःखहर्ता' सातारा जिल्ह्यात दोन वर्षांच्या मुलालाही अर्धीमुर्धी येते, आणि ती त्याला कुणीही शिकवलेली नसते. पद्धत बघा. सगळे गातात, कुणालाही सूर लागलेला नसतो, आणि याबद्दल कुणालाही खंत नसते. आत्या काळी चार, आजोबा काळी पाच, काका कुठल्याच पट्टीत नाहीत. लय पहिल्या कडव्यापासून वाढत जाते, कारण प्रसादाला उशीर होतोय. शब्द चुकले तरी चालतात. 'संकटी'चं 'संकष्टी' करणारे पन्नाशीचे लोक ताठ मानेने उभे असतात. आणि मुख्य म्हणजे सगळ्यात लहान माणसाच्या हातात झांज देतात, तीही खरी, पितळी. तो ती कधीही वाजवतो, कुणी "चुकलं" म्हणत नाही, उलट "बघा की, कसा वाजिवतोय!" म्हणून सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. रोज तेच गाणं, रोज दोनदा, आणि शेवटी खोबरं-साखर. हीच पद्धत वारीत दिसते. माऊलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते, तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, तेव्हा बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं पखवाजाच्या ठेक्यावर बापाच्याच डोक्यावर दोन्ही हातांनी थापा मारत असतात. बाप "आरं हळू" म्हणतो, पण खाली उतरवत नाही. माण-खटाव-आटपाडीकडे गजी नृत्याचा ढोल घुमतो तेव्हाही कडेला एक चड्डीतलं पोरगं गुडघ्यात लवत असतंच. मोठ्यांचं रिंगण त्याला वगळून पुढे जातं आणि त्याची काही तक्रार नसते.

म्हणजे वर्षातले गणपतीचे दहा दिवस प्रत्येक घरात संगीत विद्यालय चालतं, प्रवेश खुला, फी एक नारळ. अकराव्या दिवशी झांजा पुसून, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून, डब्यात घालून माळ्यावर जातात. "नीट राहिल्या पायजेत, पुढच्या वर्षीला लागतात." बाराव्या दिवशी दुपारी अडीच वाजता विद्यार्थी झांज शोधतो. देवघराखाली बघतो, सोफ्याखाली बघतो, आज्जीच्या मांडीखालीही बघतो. नाही सापडत. मग तो स्वयंपाकघरात जातो, खालचं कपाट उघडतो, आतून दोन झाकणं काढतो, एक इडलीपात्राचं आणि एक दुधाच्या पातेल्याचं, आणि ती घेऊन थेट आजोबांच्या पलंगाशी येऊन उभा राहतो. आजोबांचे डोळे मिटलेले असतात, पण पोटावर ठेवलेल्या हाताची दोन बोटं मघापासून कसला तरी ठेका धरून असतात. पोरगं त्या बोटांकडे बघतं. मग एक झाकण त्यांच्या हातात देतं.

"घ्या," ते म्हणतं, "तुमी पन वाजवा."